अणुभट्टीतल्या उकळण्याचं सीएफडी मॉडेल कसं पारखायचं: पुण्यातल्या नव्या मंडळींसाठी

पुण्यात सीएफडी, म्हणजे द्रव-वायूंच्या प्रवाहाचं गणित संगणकावर सोडवणं, येणारी माणसं शोधावी लागत नाहीत. हिंजवडीच्या कुठल्याही बसमध्ये दोन-चार सहज भेटतील. गाडीवरून वाहणारी हवा, इंजिनाचं कूलिंग, पंप, व्हॉल्व्ह अशा कामांवर त्यांचा हात चांगला बसलेला असतो. त्यातलं कुणी एम.टेक.च्या प्रकल्पासाठी किंवा नोकरीतल्या नव्या कामासाठी अणुभट्टीतल्या शीतकाच्या उकळण्याकडे वळतं आणि पहिल्याच महिन्यात अडखळतं. केस कन्व्हर्ज होते, म्हणजे गणित एका उत्तरावर स्थिरावतं, आलेख प्रयोगाच्या ठिपक्यांजवळून जातो, आणि तरी गाइड विचारतात, "मॉडेल बरोबर आहे हे कशावरून?"

त्या प्रश्नाला नीट उत्तर देता यावं म्हणून हा लेख लिहिते आहे. आलेख जुळला एवढ्यावर व्हॅलिडेशन, म्हणजे मॉडेलची प्रयोगाशी पारख, होत नाही. चूक किती, ती कुठून आली आणि कोणत्या दाब-प्रवाहाच्या हद्दीत हे मॉडेल वापरायचं, हे तिन्ही सांगता आलं तर झालं. काम कंटाळवाणं नाही, पण क्रम चुकला तर महिने वाया जातात.

लागणारं साहित्य

- प्रयोगाचा मूळ लेख किंवा अहवाल. दुसऱ्याच्या लेखात उतरवलेला आलेख चालत नाही.
- आलेखावरून आकडे उचलायचं साधन. वेबप्लॉटडिजिटायझर पुरतं.
- पाण्या-वाफेचे गुणधर्म: आयएपीडब्ल्यूएस-आयएफ९७ या सूत्रांवर आधारलेले तक्ते. रेफ्रिजरंटसाठी कूलप्रॉप.
- युलेरियन द्विप्रवाही मॉडेल (पाणी आणि वाफ हे एकमेकांत मिसळलेले दोन प्रवाह धरणारं) आणि भिंतीवरचं उकळणं असलेला सॉल्व्हर: फ्लुएंट, सीएफएक्स, स्टार-सीसीएम+ किंवा ओपनफोम. परवाना नसेल तर ओपनफोमच्या ट्युटोरियलमधली 'वॉलबॉइलिंग' नावाची केस उघडून सुरुवात करा.
- प्रत्येक रनची नोंद ठेवणारी वही. कागदी असो की गिटवरची, पण रोज लिहिलेली.

सुपरकॉम्प्युटरची चिंता आत्ता नको. पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, सी-डॅकही शहरातच आहे, पण पहिली केस सरळ नळीची आहे. ती अक्षसममित धरून द्विमितीत सोडवली की चांगल्या डेस्कटॉपवर होते.

१. आधी प्रश्न लिहून काढा

"बॉयलिंग मॉडेल व्हॅलिडेट करायचं आहे" हा प्रश्न होत नाही. तुम्हाला कोणती राशी हवी आहे? नळीतलं वाफेचं सरासरी प्रमाण, म्हणजे व्हॉइड फ्रॅक्शन? भिंतीचं तापमान? की इंधनकांडीवर वाफेचा थर बसून तापमान एकदम उसळतं ती क्रिटिकल हीट फ्लक्सची अवस्था? पहिल्या दोन जमल्या म्हणून तिसरी जमेल असं नाही. नव्या माणसाने तिसरीला सुरुवातीला हात लावू नये.

अणुभट्टीचा प्रकारही इथेच ठरवा. आपल्या देशात तिन्ही प्रकार आहेत: तारापूरच्या १९६९ सालच्या दोन उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या, कुडनकुलमच्या दाबयुक्त पाण्याच्या, आणि बाकी बहुतेक ठिकाणी जड पाण्याच्या. पहिल्या दोन्हींत कांड्या उभ्या असतात, जड पाण्याच्या अणुभट्टीत वाहिन्या आडव्या. हा फरक शेवटी फार महाग पडतो, त्याकडे नवव्या टप्प्यात येऊ.

दाबाचंही भान हवं. एक वातावरण दाबाला पाणी वाफेपेक्षा सुमारे १६०० पट जड असतं, १५.५ मेगापास्कलला, म्हणजे दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्टीच्या नेहमीच्या दाबाला, हेच गुणोत्तर सहाच्या आसपास येतं आणि पाणी ३४५ अंशांना उकळतं. तिथले बुडबुडे बारीक आणि दाट असतात. चहाच्या पातेल्यात पाहिलेलं उकळणं डोळ्यांसमोर ठेवून इथे अंदाज बांधू नका.

२. प्रयोग निवडा

सुरुवातीला बार्तोलोमेई आणि चानुविन यांचा १९६७ सालचा प्रयोग घ्या. उभी नळी, आतला व्यास १५.४ मिलिमीटर, तापवलेली लांबी २ मीटर, दाब ४.५ मेगापास्कल, प्रवाह दर चौरस मीटरला सेकंदाला ९०० किलो, उष्णता दर चौरस मीटरला ५७० किलोवॉट, आणि आत येणारं पाणी उकळबिंदूच्या ५८.२ अंश खाली. जगभरात बहुतेकांनी याच केसवर हात साफ केला आहे, त्यामुळे तुमचं काही चुकलं तर लगेच उमगतं.

मूळ लेख रशियन नियतकालिकातला, पण इंग्रजी भाषांतर झालेलं आहे. कॉलेजच्या ग्रंथपालांना गाठा, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) विचारून बघा. जुन्या नियतकालिकांच्या बाबतीत ग्रंथपालांना जेवढं ठाऊक असतं तेवढं कुठल्याही सर्चला नसतं.

सापळा: असे जुने आलेख बऱ्याचदा उंचीवर न काढता इक्विलिब्रियम क्वालिटीवर, म्हणजे फक्त उष्णतेच्या ताळेबंदावरून काढलेल्या वाफेच्या वजनी प्रमाणावर, काढलेले असतात. उकळबिंदूखालच्या पाण्यासाठी ही क्वालिटी ऋण येते. ते पाहून दचकू नका. तिचं उंचीत रूपांतर कसं करायचं ते पुढच्याच टप्प्यात आहे.

३. सॉल्व्हर उघडण्याआधी हाताने हिशेब

हा टप्पा सगळे गाळतात. माझ्या मते सगळ्यात मोलाचा हाच. वरचे आकडे घ्या आणि कागदावर मांडा.

नळीचा आतला पृष्ठभाग गुणिले ५७० किलोवॉट: एकूण शक्ती सुमारे ५५ किलोवॉट. छेदाचं क्षेत्रफळ गुणिले ९००: प्रवाह सेकंदाला ०.१६८ किलो. भागाकार केला की प्रत्येक किलो पाण्याला सुमारे ३२९ किलोज्यूल उष्णता मिळते. आत येणाऱ्या पाण्याला उकळबिंदूपर्यंत, म्हणजे २५७ अंशांपर्यंत, जायला सुमारे २७२ किलोज्यूल लागतात. म्हणजे सरासरी हिशेबाने पाणी १.६५ मीटरवर उकळबिंदूला पोचतं, आणि उरलेल्या ५७ किलोज्यूलमध्ये, सुप्त उष्णता १६७६ धरली तर, टोकाला वजनाने जेमतेम ३.४ टक्के वाफ होते. हाच हिशेब कोणत्याही उंचीला करता येतो: तिथवर किलोमागे मिळालेली उष्णता वजा २७२, भागिले १६७६, ही तिथली क्वालिटी.

आता गंमत बघा. वजनाने ३.४ टक्के असलेली ही वाफ पाण्याच्याच वेगाने जाते असं धरलं, तर आकारमानाने छेदाचा ५५ टक्के भाग व्यापते. प्रत्यक्षात वाफ पुढे सटकते, म्हणून आकडा त्याहून खाली राहतो. तुमच्या सॉल्व्हरने टोकाला ७० टक्के दाखवले, तर मॉडेलची चर्चा करण्याआधी कुठेतरी उष्णतेचा ताळेबंद फसला आहे हे कळलं पाहिजे.

याच कागदावर अजून एक गोष्ट करा. उष्णता २ टक्क्यांनी वाढवा: ५५ चे सुमारे ५८ होतात. आत येणारं पाणी एक अंश थंड धरा: ५५ चे सुमारे ५३ होतात. म्हणजे प्रयोग करणाऱ्याच्या मोजमापात एवढीशी चूक असेल, तरी व्हॉइड दोन-तीन अंकांनी हलतं. ज्याने हा हिशेब केला आहे तो "माझं मॉडेल एका टक्क्यात जुळलं" असं म्हणायला धजावत नाही.

आणि मोजमापं पाहा: १.६५ मीटरच्या बरंच आधी प्रयोगात वाफ दिसते. सरासरी पाणी थंड, पण भिंतीलगतचं तापलेलं. सबकूल्ड बॉयलिंग ते हेच, आणि मॉडेलची खरी परीक्षा याच पट्ट्यात होते.

४. गुणधर्म

इथे थोडक्यात. ४.५ मेगापास्कलला २ मीटर उंचीमुळे दाब फार तर १५ किलोपास्कलने बदलतो, उकळबिंदू सुमारे ०.२ अंशाने. तो स्थिर धरला तरी चालतो. पण वातावरणाच्या दाबाचा प्रयोग घेतलात तर तेवढ्याच पाण्याच्या स्तंभाने उकळबिंदू साडेचार-पाच अंशांनी सरकतो. तिथे दाबाप्रमाणे बदलणारा उकळबिंदू द्यावाच लागतो. पाण्याची घनता आणि विशिष्ट उष्णता मात्र दोन्हीकडे तापमानानुसार बदलती ठेवा.

५. मेश: गाड्यांची सवय इथे चालत नाही

गाड्यांच्या कामातून आलेल्यांना भिंतीलगत मेश, म्हणजे गणितासाठी केलेली पेशींची जाळी, बारीक करायची सवय असते. वाय-प्लस (पहिल्या पेशीचं भिंतीपासूनचं मितिहीन अंतर) १ च्या आसपास, की काम फत्ते. भिंतीवरच्या उकळण्याच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये हेच घात करतं. पहिली पेशी बुडबुड्याहून लहान झाली की ती वाफेने भरून जाते, तिच्यातल्या पाण्याचं तापमान उकळबिंदूला टेकतं, आणि मॉडेल भिंतीची उष्णता ज्या तापमानफरकावरून वाटतं तो फरकच नाहीसा होतो.

वॉल फंक्शन (भिंतीलगतचा पातळ थर सूत्राने भरून काढणं) वापरत असाल तर पहिल्या पेशीचा वाय-प्लस ३० च्या वर ठेवा. सॉल्व्हरमध्ये पाण्याचं तापमान ठरावीक वाय-प्लसवर मोजायची सोय असेल तर ती चालू करा. एगोरोव्ह आणि मेंटर यांनी २००४ मध्ये त्यासाठी २५० हा आकडा सुचवला होता. त्यामुळे उत्तर मेशवर कमी अवलंबून राहतं.

६. मॉडेल: खुंट्या ओळखा आणि मग हात मागे घ्या

बहुतेक सॉल्व्हरमध्ये असतं ते आरपीआय मॉडेल, कुरुल आणि पोडोव्स्की यांनी १९९०च्या सुमारास मांडलेलं. ते भिंतीची उष्णता तीन वाटांनी वाटतं: पाण्याला सरळ मिळणारी, बुडबुडा सुटल्यावर तिथे आलेल्या थंड पाण्याला मिळणारी, आणि वाफ होण्यात जाणारी. कल्पना सुटसुटीत आहे. अडचण तिच्या पोटातल्या सूत्रांची. पिळून उत्तर हलवता येतं अशा खुंट्या त्याच.

बुडबुडे सुटण्याच्या जागा किती, हे लेमर्ट-चावला सूत्र सांगतं. भिंत उकळबिंदूच्या १० अंश वर असेल तर दर चौरस मीटरला जवळपास १० लाख, म्हणजे चौरस सेंटिमीटरला शंभरेक. सुटणाऱ्या बुडबुड्याचा व्यास तोलुबिन्स्की-कोस्तांचुक सूत्राने: ०.६ मिलिमीटरपासून सुरू होऊन पाणी जसं थंड तसा घटत जाणारा. सुटण्याची वारंवारता कोलच्या सूत्राने. यातली व्यासाची खुंटी सगळ्यात नाजूक. बाकी सगळं तसंच ठेवलं, तर वाफेत जाणारी उष्णता व्यासाच्या अडीचाव्या घाताने वाढते. व्यास १० टक्के वाढवला की ती सुमारे २७ टक्के वाढते.

बुडबुडा भिंतीपासून सुटल्यावर सूत्रांची दुसरी मालिका सुरू होते: ओढीसाठी (ड्रॅग) इशी-झुबर, बाजूच्या बलासाठी तोमियामा, खळबळत्या (टर्ब्युलंट) प्रवाहातल्या विखुरण्यासाठी बर्न्स, आणि थंड पाण्यात बुडबुडा विरण्यासाठी रांझ-मार्शल.

आता सापळा, या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा. भिंतीवर वाफ जास्त होत असेल आणि मध्यभागी ती जास्त विरत असेल, तर दोन्ही चुका एकमेकींना खातात आणि सरासरी व्हॉइडचा आलेख सुरेख जुळतो. प्रोजेक्टच्या अहवालांत अशा सुरेख आलेखांची कमी नसते. म्हणून एका राशीवर कधीच समाधान मानू नका. भिंतीचं तापमान, पाण्याचं सरासरी तापमान आणि व्हॉइड, तिन्ही एकत्र बघा. व्हॉइड जुळतं आहे पण भिंत प्रयोगापेक्षा आठ-दहा अंश गरम दाखवते आहे, तर ते मॉडेल पास झालेलं नाही.

माझा सल्ला कडक आहे, तरी पाळा. कोणती सूत्रं, कोणते स्थिरांक घेणार ते पहिल्या तुलनेच्या आधी वहीत लिहा, तारीख टाका, गाइडना दाखवा. त्यानंतर आकडा बदलावा लागला तर बदला, पण त्या प्रयोगाला व्हॅलिडेशन म्हणणं सोडा. त्या प्रयोगावर तुम्ही मॉडेल बसवलंत, पारखलं नाहीत. पारखायला दुसरा प्रयोग लागेल.

७. गणित बरोबर सुटलं का ते आधी

मॉडेलची चूक शोधण्याआधी संख्यात्मक चूक किती ते माहीत हवं.

- रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली गेले एवढ्यावर थांबू नका. वस्तुमान आणि उष्णतेचा ताळेबंद बघा. तिसऱ्या टप्प्यातले ५५ किलोवॉट बाहेर पडणाऱ्या प्रवाहात पुरते दिसले पाहिजेत.
- तीन मेश घ्या, प्रत्येक टप्प्याला पेशीचा आकार किमान १.३ पटीने बदलणारे. रोश यांचा ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्स, म्हणजे मेशमुळे उत्तरात किती चूक उरली त्याचा अंदाज, काढा; तीन मेशसाठी सुरक्षा गुणक १.२५.
- मेश बदलताना पहिल्या पेशीचा वाय-प्लस पाचव्या टप्प्यातल्या हद्दीत राहतो आहे ना, हे तिन्ही वेळा तपासा. म्हणून उंचीच्या आणि त्रिज्येच्या दिशेने बारीक करणं वेगवेगळं नोंदवा.

कधीकधी उत्तर मेशबरोबर एका बाजूला न जाता वरखाली हलतं. तेव्हा इंडेक्सचा आकडा रेटून छापू नका. तिन्ही उत्तरांतला फरकच अनिश्चितता म्हणून द्या आणि तसं स्पष्ट लिहा.

८. तुलना: ठिपके आणि रेषा पुरेशा नाहीत

एएसएमई या अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचं व्ही अँड व्ही २० हे २००९ सालचं मानक इथे उपयोगी पडतं. त्यातली मूळ कल्पना सोपी आहे. गणिताचं उत्तर वजा प्रयोगाचं उत्तर, ही तुलनेतली तफावत. दुसरीकडे तीन अनिश्चितता: संख्यात्मक, दिलेल्या आकड्यांची, आणि प्रयोगाच्या मोजमापाची. तिघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं.

समजा, एका उंचीवर तुमचं व्हॉइड ०.४१ आणि प्रयोगाचं ०.३८. तफावत ०.०३. संख्यात्मक अनिश्चितता ०.०१, दिलेल्या आकड्यांची ०.०२, मोजमापाची ०.०२ असेल तर एकत्रित ०.०३ येते. म्हणजे तफावत गोंगाटाएवढीच आहे. या ठिकाणी मॉडेल चूक आहे असंही म्हणता येत नाही आणि ते ०.०३ पेक्षा जास्त अचूक आहे असंही. तफावत ०.१० आली असती तर मात्र मॉडेलमध्येच काहीतरी कमी आहे, हे ठामपणे लिहिता आलं असतं. दिलेल्या आकड्यांच्या अनिश्चिततेचा अंदाज तुमच्याकडे तिसऱ्या टप्प्यापासूनच आहे.

मोजमाप कसं घेतलं होतं तेही वाचा. व्हॉइड छेदाच्या क्षेत्रफळावर सरासरी आहे की किरणाच्या एका रेषेवर? पाण्याचं तापमान प्रवाहानुसार वजन देऊन काढलेलं की एका बिंदूवरचं? तुमची सरासरीही अगदी तशीच घ्यायला हवी.

९. न बघितलेला प्रयोग

सरासरी आकडे त्रिज्येच्या दिशेने काय चाललं आहे ते लपवतात. त्यासाठी फ्रान्समधल्या सीईए या अणुऊर्जा संस्थेचे ग्रनोबल इथले डेबोरा प्रयोग बघा. नळी १९.२ मिलिमीटर व्यासाची, तापवलेली लांबी ३.५ मीटर, आणि आत पाण्याऐवजी आर-१२ रेफ्रिजरंट. त्यामुळे तीन मेगापास्कलच्या आतच दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्टीसारखं घनतेचं गुणोत्तर मिळतं, आणि प्रकाशीय शलाकांनी भिंतीपासून मध्यापर्यंतचं व्हॉइड मोजता येतं. इथे वाफ भिंतीला चिकटून राहते की मध्याकडे सरकते, हे तुमच्या मॉडेलला सांगावं लागतं.

पाण्यासाठीचं व्यासाचं सूत्र आर-१२ ला तसंच लावाल तर बुडबुडे फार मोठे येतील. स्थिरांक बदलावा लागेल. मग डेबोराची एक केस त्यासाठी वापरा आणि बाकीच्यांना हात न लावता सोडवा. ती विभागणीही आधीच लिहून ठेवा.

पुढची पायरी कांड्यांच्या जुडग्याची. जपानच्या न्युपेक संस्थेच्या मोजमापांवर ओईसीडीच्या अणुऊर्जा संस्थेने दोन बेंचमार्क चालवले: दाबयुक्त पाण्यासाठी पीएसबीटी, ५ बाय ५ कांड्यांपर्यंत, आणि उकळत्या पाण्यासाठी बीएफबीटी, ८ बाय ८ कांड्या आणि क्ष-किरण सीटीने काढलेले व्हॉइडचे नकाशे. यांची माहिती मागवताना वापराच्या अटी असतात. विभागप्रमुखांची सही, संस्थेचं पत्र आणि प्रकल्पाचं एक पानी वर्णन तयार ठेवा, आणि मागणी सेमिस्टरच्या सुरुवातीलाच करा.

आणि आता आडव्या वाहिन्या. वर सांगितलेले सगळे प्रयोग उभे आहेत. ७०० मेगावॉटच्या जड पाण्याच्या अणुभट्टीत वाहिनीच्या टोकाला थोडं उकळणं रचनेतच मान्य केलेलं आहे, आणि तिथे वाफ वरच्या बाजूला गोळा व्हायला बघते, ३७ कांड्यांच्या जुडग्यातल्या वरच्या कांड्यांकडे. उभ्या नळीत पारखलेलं मॉडेल तिथे नेणं म्हणजे पारख न करता वापरणं. मुलाखतीत किंवा सादरीकरणात हा प्रश्न हमखास येतो, आणि यायलाच हवा.

१०. अहवालात काय लिहायचं

एक तक्ता करा: दाब, प्रवाह, उष्णता, सबकूलिंग (आत येणारं पाणी उकळबिंदूच्या किती खाली), व्यास, दिशा, द्रव. प्रत्येकाची ज्या हद्दीत पारख झाली ती किमान-कमाल लिहा. त्याखाली प्रत्येक राशीची तफावत आणि अनिश्चितता. जिथे मॉडेल नापास झालं त्या केस परिशिष्टात ढकलू नका. मुख्य भागात आलेखासकट द्या, कारण पुढच्या वर्षीचा विद्यार्थी नेमकं तेच शोधत येणार आहे.

फोल्डरमध्ये तीन मेश, सॉल्व्हरची आवृत्ती लिहिलेली फाइल, आलेखावरून उचललेले मूळ आकडे, हाताच्या हिशेबाच्या पानाचा फोटो आणि तारखेसह गोठवलेल्या स्थिरांकांची यादी ठेवा. कॉलेज सोडताना हे फोल्डर गाइडच्या मशीनवर टाका आणि कुठे टाकलं ते प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या दादांनाही सांगून ठेवा.